निष्कर्ष आधी, दुकान मग

आमच्या कॉलेजात पदवीच्या मुलांना संशोधन शिकवण्याचं काम छत्रीसरांकडे आहे. हे नाव मुलांनी ठेवलं. सर प्रत्येकाला आपल्या छत्रीखाली घेतात, पण तिचं पाणी निथळतं ते शेजारच्याच्या खांद्यावर. त्यांची पद्धत साधी. निष्कर्ष आधी लिहून घ्यायचा आणि मग मुलांना माहिती गोळा करायला धाडायचं. मी हिशेब शिकवतो. ताळेबंद आधी जुळवून मागाहून नोंदी लिहिणाऱ्याला आमच्या विषयात वेगळं नाव आहे. तिकडे त्याला मार्गदर्शक म्हणतात.

गेल्या वर्षी संशोधन स्पर्धेसाठी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला त्यांनी निष्कर्ष दिला, 'सवलतीची पाटी पाहूनच गिऱ्हाईक दुकानात शिरतं.' हा त्यांचा जुना, लाडका सिद्धांत. मुलगी कॉलेजमागच्या वह्या-पेनांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसली आणि बाहेर पडेल त्याला विचारू लागली. पाटी कुणीच वाचली नव्हती. दुकानदार घाई करत नाही, पेन उघडून लिहून बघू देतो, म्हणून लोक येत होते.

"अगं, गिऱ्हाइकं चुकली," सर स्टाफरूममध्ये म्हणाले. "पुन्हा विचार."

"दोनदा विचारलं, सर."

"मग दुकान बदल!"

"स्पर्धेत मी पाहिलं तेच सांगू ना, सर?"

"सांग की. फक्त निष्कर्ष माझा ठेव."

स्पर्धेत मुलांनी बोलायचं आणि मार्गदर्शकांनी मागे बसायचं, असा नियम. परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला. उत्तर मागच्या रांगेतून आलं. दुसऱ्याचंही तिथूनच. तेव्हा बाईंनी चष्मा काढला.

"सर, आपण कुठल्या वर्षाला?"

सभागृह खदखदून हसलं.

"आता तू सांग गं. पाटी पाहून किती जण आले?"

मुलीने मागे पाहिलं. सर दोन्ही हातांनी हवेत पाटी काढून दाखवत होते.

"कुणीच नाही, मॅडम," ती म्हणाली, आणि तिने पेनाची सगळी हकिगत सांगितली.

पहिलं बक्षीस तिला मिळालं. फोटोत करंडक सरांच्या हातात आहे. ती कडेला, अर्धीच. हल्ली सर वर्गात सांगतात, "मी पहिल्यापासून म्हणतोय, पाटी कुणी वाचत नाही."

यंदा तिने चपलांचं दुकान स्वतःच निवडलं. सरांनी तिला जिन्यात गाठलं.

"निघालीस कुठे?"

"बघून येते, सर. मग सांगते."

"अगं, अशी रिकाम्या हाताने कशी जातेस? निष्कर्ष तरी घेऊन जा!"

ती तोवर फाटकाबाहेर पडली होती.