तिन्ही कोपरे तीन तऱ्हेचे

मालतीताई गेल्याचं मला पुलगावच्या बाजारात कळलं. आर्वीच्या आमच्या शाळेचा शिपाई भाजी घेताना भेटला आणि, "मालतीबाई गेल्या नं... कावीळ झालती," एवढं सांगून पुढं गेला. मी पिशवी तिथंच विसरून घरी आले. बदली होऊन मला वर्षही झालं नव्हतं. निघताना ताईंनी मला निरोप दिला होता तो रागावूनच, कारण माझ्या पेटीला त्यांनी नवी कडी बसवली होती आणि ती मला धड लावता येत नव्हती. प्रेम करायची त्यांची तीच तऱ्हा होती.

मुलींच्या शाळेत सुतारकाम शिकवणारी बाई म्हणून गावानं आधी त्यांना पुष्कळ हसून घेतलं. अंबाड्यात लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल आणि जीभ पटाशीसारखी धारदार. मास्तरीण की सुतारीण, असं कुणी विचारलं तर आधी तुमच्या घरचं दार नीट लागतं का ते सांगा, असं त्या म्हणत. बहुतेकांचं लागत नसे. मी मराठी शिकवायची. माझ्या हातून खिळा सरळ गेला तर तो खिळ्याचा चांगुलपणा. तरी त्यांच्या कामाच्या खोलीत जाऊन बसायला मला फार आवडे.

एका दुपारी तिथं आष्टीकडच्या सगुणाबाई आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला होता. हुतूतूच्या सामन्यात त्यानं जिंकून आणलेलं त्रिकोणी निशाण भिंतीवर खिळ्याला लटकत होतं, आणि आता त्याला कसर लागली होती. मुलाचं म्हणून एवढंच उरलेलं. ते घडी न घालता मावेल अशी काचेची पेटी त्यांना हवी होती, म्हणजे त्रिकोणीच. लाकूड त्यांनी सोबत आणलं होतं, मुलाच्या खाटेचे दोन सागवानी दांडे. मेलेल्याची खाट घरात ठेवू नये म्हणून भाऊबंदांनी ती काढून टाकायला लावली, तेव्हा बाईंनी एवढे दांडे लपवले होते. दुसरं लाकूड त्यांना चालणार नव्हतं. "यातच बसवा बाई," त्या म्हणाल्या, "तो यातच निजे."

शाळेत तसबिरींच्या चौकटी कापायचा लाकडी साचा होता. त्याच्या खाचेत करवत धरली की चारी कोपरे आपोआप जुळत. त्रिकोणाला तो निरुपयोगी, एवढं मलाही कळत होतं. पण ताईंनी निशाण कागदावर पसरलं आणि खरी पंचाईत पुढं आली. कापड एका टोकाला ओढल्यासारखं लांबलं होतं, खिळ्याला लटकून असेल, असं आम्हाला वाटलं. तिन्ही कोपरे तीन तऱ्हेचे. मुख्याध्यापकांनी सुचवलं, ओलं करून ओढा, इस्त्री फिरवा, तिन्ही बाजू सारख्या होतील, मग एकच कोन सगळीकडे चालेल. सल्ला शहाणपणाचा होता. दांड्यांतून पट्ट्या निघणार मोजक्या. चुकत चुकत शिकायला लाकूडच नव्हतं. सगुणाबाईंनीही होकाराची मान हलवली, पण निशाणावरचा हात काही काढला नाही. ताईंनी तो हात पाहिला.

"कापडाले कोणी ओढायचं नाई," त्या म्हणाल्या. "जुळवून घ्यायचं तं लाकडानं घ्यावं."

कोनमापक त्यांनी पेटीतून काढलाच नाही. निशाणाची कड कागदावर उतरवून घेतली, प्रत्येक कोपरा कात्रीनं वेगळा केला, आणि त्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर येतील अशी घडी घातली. घडीची रेघ तीच करवतीची रेघ. आधी आंब्याच्या फळीच्या तुकड्यांवर कापून पाहिलं, मग सागवान हातात घेतलं. रेघेच्या जरा बाहेरून कापायचं, रंध्यानं रेघेपर्यंत यायचं, सांधा खिडकीसमोर धरायचा. उजेड दिसला की पुन्हा रंधा. दोन कोपरे मिटले. तिसरा उघडाच राहिला... तिन्हींमधली बारीक बारीक चूक शेवटी तिथंच येऊन साचते. अशा फटीत भुसा आणि सरस भरून वरून रोगण मारतात, हे मी पाहिलेलं होतं आणि तसं सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच खडू आवरायला लागले. सरस अजून लावला नव्हता. ताईंनी जुळलेले दोन्ही कोपरे सोडवले आणि सगळ्याच सांध्यांवरून केसाएवढं लाकूड काढत गेल्या. पेटी लहान होत होती. निशाण मावेल की नाही हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मला तर बघवेना. अखेर तिन्ही सांधे मिटले आणि निशाण कडांना टेकून, पण कुठंही न दुमडता आत बसलं. ताईंनी शिपायाला चहा आणायला पाठवलं, एवढंच.

मागच्या आठवड्यात मी आष्टीला जाऊन आले. सगुणाबाईंना काही कळलेलं नव्हतं, मीच सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मग उठून त्यांनी पेटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी सांध्यांवरून नख फिरवलं, कुठंच अडकलं नाही. ताईंसाठी मला रडू आलं ते तिथं, पहिल्यांदा. सगुणाबाईंनी काचेवरून त्या लांबलेल्या टोकावर बोट ठेवलं.

"जिंकला त्या दिवशी हे टोक मुठीत धरून गावभर पयत सुटला," त्या म्हणाल्या. "सोडेच ना. तवापासून असंच हाय."

हे तुम्ही ताईंना सांगितलं होतं का, मी विचारलं.

"नाई. काऊन वाकडं हाय, हे त्यायनं इचारलंच नाई. जसं होतं तसं घेतलं."