ए ग्रेडवर भांडणाऱ्या मिस डोरोथी

मिस डोरोथी शाळेत भांडायला आल्या होत्या, नातीला ए ग्रेड मिळाली म्हणून.

आज सकाळी त्या वारल्या. नातीचा, इमानीचा, फोन आला.

रिटायर होण्याआधी मी अमेरिकेतल्या कोलंबस शहरातल्या एका पब्लिक स्कूलमध्ये गणित शिकवायचे. मुलं बहुतेक सगळी ब्लॅक. मी राहायचे त्या डब्लिन नावाच्या श्रीमंत सबर्बमधल्या मैत्रिणी विचारायच्या, "तिकडे कशाला गं? त्या मुलांना कुठे अल्जिब्रा जमणार?"

स्वतःच्या मुलांना मात्र पाचवीपासून गणिताचा क्लास.

इमानी नववीत होती. तिला सोप्या गणिताच्या वर्गात टाकलं होतं. अपूर्णांक म्हणून पिझ्झाचे तुकडे रंगवायचे, पोस्टर करायचं, की मिळाली ए.

मिस डोरोथी ते पोस्टर घेऊन थेट प्रिन्सिपलच्या ऑफिसात. अल्जिब्रा शिकवणारी म्हणून मलाही बोलावलं होतं.

"शी इज डुइंग ग्रेट," प्रिन्सिपल म्हणाले.

"नववीतली मुलगी पिझ्झा रंगवते. यात ग्रेट काय?"

"अल्जिब्रात फेल झाली तर तिचा कॉन्फिडन्स जाईल."

"तुमची मुलगी काय शिकते?"

प्रिन्सिपलनी पाण्याची बाटली उघडली.

त्यांची मुलगी आमच्या सबर्बच्या शाळेत होती. तीही नववीत. अल्जिब्रा कधीच संपवलेला.

त्यांना सांगायला जड जात होतं, म्हणून मीच सांगून टाकलं.

मिस डोरोथी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही घ्याल हिला?"

"घेईन. पण गोड बोलणार नाही."

"गोड बोलायला मी आहे. तेही फक्त रविवारी, चर्चनंतर."

पहिल्याच टेस्टला इमानी फेल. मी मिस डोरोथींना फोन केला.

त्या म्हणाल्या, "चला, कोणीतरी खरं सांगितलं. आता काय करायचं?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर भयंकर कडक. पण तुला जमणार नाही, असं त्यांनी कधी ठरवून टाकलं नाही.

इथे ते आधीच ठरलेलं असतं, आणि वर हसून स्टिकर देतात.

मुलांचा रंग बघून अपेक्षा खाली आणायच्या आणि त्याला माया म्हणायचं. मला याचा संताप यायचा. रिटायर झाले तरी येतो.

रोज लंचला आम्ही दोघी गणितं सोडवत बसायचो. वर्षाअखेर इमानीला बी मिळाली.

मिस डोरोथींनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "बी. पण खरी."

पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा ऑफिसबाहेर आज्यांची रांग. आमच्या नातवंडांना अल्जिब्रा हवा.

प्रिन्सिपल मला म्हणाले, "हे तुमचं काम."

"मिस डोरोथींचं. माझं असतं तर मिरवलं असतं," मी म्हटलं.

एक वर्ग भरला. दुसरा उघडावा लागला.

स्टाफरूममध्ये मिस डोरोथींना ‘डिफिकल्ट’ म्हणायचे. प्रत्येक शाळेला अशी एक आजी मिळो.

इमानी आता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोनवर म्हणाली, "मिसेस शिंदे, फ्युनरलला तुम्ही बोलाल ना? प्रिन्सिपलही येणार आहेत."

म्हटलं, "बोलेन. त्यांना पुढच्या रांगेत बसव."

मिस डोरोथी, मनापासून नमस्कार. या आता.