क्रॅशगार्ड पुढच्या माणसाचा

डिचोलीच्या स्टँडवर कोणी नवी मोटरसायकल घेतली की आधी नारळ फोडतो, मग माझ्याकडे येतो. मी पायलट. विमानाचा नाय. मोप्याला विमानं उतरायला लागल्यापासून हे आधी सांगावं लागतं. पिवळ्या मडगार्डाची मोटरसायकल, मागे एक गिऱ्हाईक, झालो पायलट. शाळा मी रस्त्यावरूनच बघितली, त्यामुळे दुसरा कसला सल्ला मला कोण विचारत नाय. फक्त या एका गोष्टीत मी तज्ज्ञ.

"पात्रांव, क्रॅशगार्ड बसवूचो काय?"

"बसव. पाय वाचता."

"कोणाचो, ता विचार त्याका," बाजूच्या गाडीवरचा पायलट म्हणतो, आणि सगळी लाईन हसते. मग मी हातवारे करून गोष्ट सांगतो. अर्धीच सांगतो. स्टँडवर अर्धीच चालते.

आधी मी खाणीवर ट्रक चालवायचो. पुढे दरवाजाएवढा बंपर, समोर जो येईल त्याने बाजूला व्हायचं. खाणी बंद पडल्या, ट्रक माळावर गंजत पडला आणि मी मोटरसायकलवर आलो. पहिल्या दिवशी वाटलं, घरून लेंगा घालायला विसरलो. दोन्ही पाय उघड्यावर. शोरूमवाल्याने गार्ड दाखवला तर तो कपडे वाळत घालायच्या दांडीएवढा. मी ट्रकवाला, मला कसा पटणार? मुळगावात आमच्या वाड्यावर एकजण खिडक्यांचे गज आणि गेटं बनवतो. त्याला सांगितलं, पाण्याच्या जाड पायपाचा बनव.

तो म्हणाला, "मोटरसायकलीक होयो का न्हंयतल्या खनिजाच्या बार्जीक?"

"तू बनव रे. पैसे तुजे काय माजे?"

बनवला. गाडी पुढून रेड्यासारखी दिसायला लागली. घरी आणली, बायकोला बाहेर बोलावलं. तिने चारी बाजूंनी बघितलं. माझ्या पायाच्या जागी लोखंड, ती बसते तिथे काय नाय. साडी नेसून एका अंगाला बसणारी बाई, दोन्ही पाय डावीकडे लोंबत.

"आणि माज्या पायांक काय?"

"तुज्या पायांक जोडवी आसत मगो. लग्नातलीं."

शेजारीण पण हसली. माझे विनोद असेच असतात, जिथल्या तिथे चांगले लागतात.

पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं नार्व्याला देवाला गेलो. येताना समोरून बाहेरच्या नंबरप्लेटची गाडी आली, रस्त्याच्या मधोमध. मी बाजू घेतली. जवळजवळ थांबलोच होतो. डावा पाय टेकला तो चिऱ्याच्या भुग्यावर, आणि पाय सटकला. पडलो म्हणण्यासारखं पण काय नाय. म्हैस बसते तशी गाडी डावीकडे हळूच बसली. गार्ड जमिनीत रुतला, पुढची बाजू वर उचललेली राहिली, आणि माझा पाय त्या पायपाच्या आत खिडकीतल्या मांजरासारखा आरामात. मी पाय काढला, उभा राहिलो, पँट झाडली. गाडीतले लोक उतरले होते. मी त्यांना हिंदीत सांगायला लागलो, "कुछ नहीं हुआ, गार्ड है," आणि गार्डावर थाप मारून दाखवली. एक ओरखडा नाय.

स्टँडवर मी इथपर्यंत सांगतो. थाप मारायची ती आपल्याच मांडीवर मारतो. लोक हसतात.

ती ओरडली नाय. मागून फक्त म्हणाली, "अवो, हंयसर येवा मगे."

गाडीची पुढची बाजू गार्डावर तरंगत होती, आणि मागची बाजू गोल फिरून खाली आली होती. ज्या पट्टीवर ती पाय ठेवायची, त्या पट्टीच्या खाली तिचा उजवा घोटा. त्या गाडीतल्या लोकांनीच मोटरसायकल उचलली. मी गार्डाला धरून उभा होतो, कशाला ते विचारू नका.

इस्पितळात पाय एवढा सुजला की जोडवं निघेना. नर्सने कटर आणून कापलं आणि माझ्या हातात दिलं. तेव्हा मला विनोद सुचला नाय. घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसवले. गाडीला लोखंड बाहेरून आणि बायकोला आतून, हा विनोद मला नंतर सुचला, पण तो मी घरी सांगितलेला नाय.

तिने डॉक्टरला एकच विचारलं. चूल, विहीर, बाजार, काय नाय. विचारलं, पौषात धालो खेळायला मिळतील ना? गावच्या मांडावर, धालोच्या ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर दोन ओळी करतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून, गाणी म्हणत, वाकत पुढे जातात आणि तशाच मागे येतात. पहिल्या ओळीची गाणी हीच उचलायची, सून म्हणून आली तेव्हापासून. डॉक्टर म्हणाला, चालशील. मागे पाऊल टाकायचं ते बघूया.

मग ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून मागे पावलं टाकायची. मी आलो की भांडी घासायला घ्यायची. मोटरसायकलवर परत बसली नाय. सगळ्या गावाला मागे बसवून फिरवणारा मी, आणि माझी बायको बाजाराला बसने जाते.

धालोच्या पहिल्या दिवशी गेली. लवकर परत आली. पदराने मान पुसत म्हणाली, "ओळ मोडली माज्यामुळां. दोनदा." आणि भात वाढायला घेतला.

सकाळी मी गाडी काढली. गजवाल्याकडे जाऊन तो पायप कापून टाकतो म्हटलं. ती दारात होती.

"खंय चल्लात?"

"गार्ड काढूक."

"रवांदे तो. घरात एकाचे तरी पाय धड होये."

रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. ती पेल्यात चहा गाळत होती.

मग म्हणाली, "रातीक माका एक कदेल होयी. बसान गायन."

जेवणं झाल्यावर प्लास्टिकची खुर्ची मी गार्डाला अडकवली. एवढी घट्ट बसली, जणू गार्ड त्यासाठीच बनवलेला. ती चालत निघाली, मी गाडी बंद ठेवून तिच्या बाजूने ढकलत नेली. मांडाच्या कडेला पुरुषांनी थांबायचं असतं. आतून एक म्हातारी ओरडली, "पायलट, थंयच रव. तुजो गार्ड हंय चलाचो नाय." बायका हसल्या. ही पण हसली. खुर्ची तिने स्वतःच काढली आणि घेऊन गेली.

मी घरी जायला पाहिजे होतं. माडाला टेकून उभा राहिलो. गाणं सुरू झालं. इतकी वर्षं तिचा आवाज ओळीबरोबर जवळ यायचा आणि लांब जायचा, मी ओसरीवर बसून ऐकायचो. त्या दिवशी बाकीच्यांचे आवाज येत होते, जात होते. तिचा एकाच जागेवरून येत होता.