उलट्या रुमण्याचा नांगर

वाशीमच्या आमच्या कापसाच्या सोसायटीत पंच निवडायचे होते. सभासद खेड्यापाड्यांत पांगलेले, त्यात पेरणीचे दिवस, म्हणून मतं टपालानं मागवायचं ठरलं. मी तेव्हा शाळामास्तर होतो. कोणत्याच गटाचा नव्हतो, म्हणून पाकिटांवरच्या सह्या जुन्या अर्जांवरच्या सह्यांशी ताडून पाहण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर मला ते हवंच होतं. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं आणि वर लोकांनी आभार मानायचे, असं काम पुन्हा कुठं मिळणार?

सही जुळली नाही तर पाकीट न फोडता बाजूला ठेवायचं, त्या सभासदाला गाठायचं आणि दोन साक्षीदारांसमोर खातरजमा करून घ्यायची, असा नियम होता. बहुतेकांना लिहिता येत नसे. ते निशाणी काढीत. कुणबी नांगर काढी, बाई बांगडी. धनजच्या एका गड्यानं पाकीट कोरंच पाठवलं होतं. विचारलं तर म्हणाला, "निशाणी कायले पायजे? पोस्टमननं मले टाकताना पाह्यलं ना!" एका दुकानदारानं अर्जावर मोडीत सही केली होती आणि पाकिटावर ऐटीत इंग्रजीत.

पण मला चाळवलं ते अनसिंगकडच्या एका बाईच्या पाकिटानं. जमीन तिच्या माहेरची, म्हणून सभासद तीच. अर्जावर गोल बांगडी होती आणि पाकिटावर नांगर. त्यात त्या नांगराचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, भलत्याच बाजूला. इतके नांगर पाहिले, पण असा एकही नव्हता.

निवडणुकीवर नेमलेले वकीलसाहेब हसले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? नवरा वारला आहे तिचा. मत दिरानं टाकलं. बाद करा."

त्यांचं म्हणणं काही वावगं नव्हतं. पण दिराला खोटीच निशाणी करायची होती, तर त्यानं सरळ बांगडी काढली असती. मला राहवेना. अर्ज आणि पाकीट घेऊन मी बैलांच्या दमणीनं तिच्या गावी गेलो.

पोलीस पाटील आणि, संशय त्याच्यावरच होता म्हणून मुद्दाम, तिचा दीर यांना साक्षीला बोलावलं. ती ओसरीवर येऊन बसली. वकील काय म्हणतात ते मी सांगितलं, तशी ती ताठ झाली.

"मत गेलं तं जाऊ द्या, मास्तर. पन माह्या नावावर दिरानं निशाणी केली असं कागदावर राह्यलं, तं उद्या वावरबी त्याचंच म्हनतीन लोक."

दीर जमिनीकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "वयनी, बांगडी गिरवून दे अन् मोकळी हो. जुळून जाईन."

तिनं दोन्ही हात पुढं केले. मनगटं मोकळी होती. "जे हातात नाही, ते कागदावर कसं दाखवू?"

इतक्या साध्या गोष्टीचा विचार मला, वकिलांना, कुणालाच सुचला नव्हता, याचा मला रागच आला.

"मग नांगर?" मी विचारलं.

"त्यायची निशाणी व्हय. ते डावखुरे होते, म्हनून रुमणं तिकडं. त्यायनं शिकवली नाही मले. पाहून पाहून आली. आता गडी नांगर धरते, पन वावर मीच पाहून राह्यली."

मी पाकीट झाकून ठेवलं आणि अर्ज तिच्यापुढं सरकवला. तिनं टाक मुठीत धरला आणि बांगडीखाली, एकेक रेघ ओढत, तोच नांगर काढला. रुमणं त्याच भलत्या बाजूला. दिराकडे मी पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. भावाचा नांगर त्यानंही ओळखला असणार. मी काही म्हणायच्या आतच त्यानं साक्षीचा अंगठा उठवला, मागून पाटलांनी सही केली.

आता जुनी निशाणी रद्द करायची म्हणून मी टाक बुडवला आणि बांगडीवर आडवी रेघ मारायला गेलो. तिनं माझं मनगट धरलं.

"ते खोडू नका, मास्तर," ती म्हणाली. "तेबी खरीच होती."