सांगता येत नाही असा रिपोर्ट

गणित शिकवणाऱ्या माणसाला 'सांगता येत नाही' हे उत्तर पचत नाही. पोरांनी वहीत तसं लिहिलं तर मी सरळ भोपळा देते. पण गेल्या वर्षी माझ्याच रक्ताने मला तेच उत्तर दिलं, आणि मी दोनेक महिने त्या उत्तराशी भांडत बसले.

झालं असं की तिसऱ्या महिन्यात माझा गर्भ पडला. कारण कळावं म्हणून एका दवाखान्यातून तपासण्यांची लांबलचक यादी लिहून मिळाली. आम्ही राहतो वर्ध्याला लागून सिंदी मेघेला, नवरा नोकरीसाठी रोज पुलगावला अपडाऊन करतो. संध्याकाळी घरी येताना लॅबमधून रिपोर्ट त्यानेच आणला. बाकी सगळं ठीक होतं. एकाच ओळीतली अक्षरं ठळक होती. हर्पिस, म्हणजे अंगावर फोड आणणारा संसर्ग, आणि पुढे आकडा. निगेटिव्हच्या हद्दीच्या थोडा वर, पॉझिटिव्हच्या थोडा खाली. शेरा होता, 'अनिश्चित, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.'

मला कधी फोड नाही, जखम नाही, साधी आगसुद्धा नाही. मी मोबाईलवर शोधलं, आणि तिथेच फसले. पहिल्याच पानावर 'लैंगिक संबंधातून' असं वाचलं आणि पुढचं काही डोक्यात शिरेना. मी नवऱ्यावर संशय घेतला. लिहायला लाज वाटते, पण तीन दिवस त्याचा फोन वाजला की मी कान टवकारत होते. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता तोच म्हणाला, "माह्यामुळं तं झालं नसन ना तुले हे? मीपण रक्त देऊन येतो." त्याच्या आवाजात इतकी भीती होती की माझा संशय तिथल्या तिथे विरला. आकडा मात्र विरला नाही. मी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, तिथे निगेटिव्ह आलं. आता माझ्याकडे दोन कागद होते आणि दोन उत्तरं.

याच काळात आष्टीला माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. नवजात बाळाला हा आजार झाला तर जिवावर बेततं, हेही मी मोबाईलवरच वाचलेलं. म्हणून मी जायचं टाळू लागले. पेपर तपासायचे आहेत, सर्दी झाली आहे, जे तोंडात येईल ते सांगत होते. एकदा गेले तीही दारातच उभी राहिले, हात मागे धरून. भावजयीने बाळ पुढे केलं, "घ्या ना ताई," आणि मी चक्क एक पाऊल मागे सरकले. तिचा चेहरा पडला. तो मी पाहिला आणि तरी सर्दीचंच कारण सांगितलं.

मग बारशाचा निरोप आला. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं की आत्याने पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि त्याच वेळी मागून बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. ही आत्या म्हणजे मी एकटीच. दुसरी बहीण नाही.

आईचा फोन आला. "तू नाई आली तं नाव कोण ठेवन? अन तू काऊन येऊन नाई राह्यली, ते लोकं बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

आईने आवाज खाली आणला. "आपलं गेलं म्हणून तिले दुसऱ्याचं पाहावत नाई म्हणतात."

मला फार लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. त्या बाळाकडे पाहून मी माझ्या गेलेल्या बाळाचे महिने मोजत होते. रिपोर्टाच्या आड मी दुःख लपवत होते की काय, हे माझं मलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद घेऊन वर्ध्याच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काही त्रास नसताना मी ही तपासणी लिहिलीच नसती. असा काठावरचा आकडा पुष्कळदा खोटा निघतो. आणि खरा असला तरी तो कुठून आला, कधी आला, कोणाकडून आला, हे सांगत नाही. कितीतरी लोकांना लहानपणीच होतं, कळतही नाही. तुमचा गर्भ यानेच गेला, असं या कागदांवरून कोणी म्हणू शकत नाही."

"पण मला आहे की नाही?"

"आज तरी सांगता येत नाही, मॅडम."

मी त्यांना भोपळा देऊ शकले नाही. बाळाचं विचारलं. त्या म्हणाल्या, ओठावर किंवा हातावर फोड असेल तर लांब राहा, नसेल तर हात धुऊन खुशाल घ्या. इतक्या लहान बाळाचा पापा मात्र कोणीच घेऊ नये.

"मला तिच्या कानात नाव सांगायचं आहे."

"मग सांगा की," त्या हसल्या.

बारशाच्या दिवशी लवकर पोचले, भावजयीला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. रिपोर्टासकट, संशयासकट. तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मले वाटलं, पोरीले पाहून तुम्हाले रडू येते. म्हणून मी फोटो धाडणं बंद केलं. काढत होती मी रोज."

"रडूबी येते," मी म्हटलं. "दोन्ही आहे."

तिने मोबाईल काढला आणि आम्ही खाली बसून ते सगळे फोटो पाहिले.

बारशाला बसण्याआधी मी दोनदा हात धुतले आणि आरशात ओठ पाहून घेतले. वंदना झाली. मी पाळण्यावर वाकले, चार बोटं अंतर ठेवून. नाव सांगण्याआधी तिला हळूच म्हटलं, तुझ्यासंगं खेळायला अजून एक येणार होतं. मग नाव सांगितलं.

मागून धपाटे सुरू झाले, सगळ्यात जोराचे आईचे. गर्भ गेल्यापासून सगळे मला जपून जपून हात लावत होते. मी वाकलेलीच राहिले.