तांब्याची मॅच

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच — आईला सांगितलं की ते बर्मिंगहॅमच्या मावशीला कळतं, आणि मावशीला कळलं की मंडळाच्या गणपतीत मला लोक प्रसादाबरोबर सल्ले देतात. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बरं आहे ते.

माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, एक पितळी तांब्या आहे. दोन ठिकाणी पोचा आलेला. त्यात मी पळ्या आणि उलथनी ठेवते. आलेला माणूस विचारतो, हा कुठला गं? मी म्हणते, आजोबांचा. आता हे खोटं आहे का? अगदी खोटं नाही. पण — थांबा, आधी आजोबा सांगते. आजोबा सांगायला मला कधीही आवडतं.

दिनकर, माझ्या आईचे वडील. मूळचे सांगलीचे. धरणावरचे इंजिनिअर म्हणून स्कॉटलंडला आले आणि पर्थशायरमधल्या एका गावात कायमचे रुजले. आम्ही कॉव्हेंट्रीत. शाळेला सुट्टी लागली की आई मला ट्रेनमध्ये बसवून त्यांच्याकडे पाठवायची, आणि मी परत यायचे ती घसा बसवून, इतकं बोलणं व्हायचं. गप्पिष्ट हा शब्द त्यांना आखूड पडतो. बस चुकली तर खूश होणारा माणूस पाहिलाय तुम्ही? आजोबा व्हायचे. रांगेतल्या बाईच्या सुनेचं ऑपरेशन कसं झालं ते ऐकायचं राहिलेलं असायचं ना.

एका तळ्याकाठी त्यांचं कॉटेज होतं. दोन खोल्या, एक संडास, आणि उन्हाळ्यात माणसं अकरा. समोर गळ टाकून बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून पोहे खायला घालायचे. मिजेस म्हणून तिथे बारीक चिलटं असतात, चावून चावून जीव नकोसा करतात, तरी सगळी मंडळी बाहेरच्या गवतावर बदाम सात खेळत बसलेली. होय, बदाम सात. स्कॉटिश म्हाताऱ्या चौकटची सत्ती दाबून अशा साळसूद चेहऱ्यानं बसायच्या की आमच्या सांगलीच्या काकवांनी शिकावं. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही, ठमे," आजोबा म्हणायचे. माझं नाव ठमी नाही. त्यांच्यासाठी होतं.

पण ते नेहमी असे नव्हते म्हणे. आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई सांगते, त्यानंतर वर्षभर ते घरातच बसून होते, पडदे लावून. त्यांना बाहेर काढलं ते ॲलेकनं. ॲलेक गावचा पोस्टमन. सांगलीहून येणारी निळी पत्रं तोच आणून द्यायचा, आजीची उत्तरंही तोच घेऊन जायचा, त्यामुळे आजीचं अक्षरही त्याच्या ओळखीचं झालेलं. एक दिवस त्यानं पत्र पेटीत टाकलं नाही. दार वाजवलं, आजोबांच्या अंगावर कोट चढवला आणि त्यांना कर्लिंगच्या बर्फावर नेऊन उभं केलं.

कर्लिंग तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल आणि हसला असाल. मीही हसले होते. वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड, वर मूठ. बर्फावरून तो लांबच्या लांब घसरत सोडायचा, पलीकडे रंगवलेल्या वर्तुळाच्या मधल्या ठिपक्याजवळ तो थांबला पाहिजे. आणि दगडापुढे दोघं जण झाडू घेऊन बर्फ झाडत पळतात. झाडलं तर दगड लांब जातो, झाडणं थांबवलं तर लवकर थांबतो. बस, एवढंच. आजोबांना हा खेळ का आवडला असेल? मला विचाराल तर, कारण त्यात चौघांशिवाय काही होत नाही, आणि खेळ संपला की जिंकलेले आणि हरलेले एकाच टेबलाशी बसतात. पहिलं पेय जिंकलेल्यांनी आणायचं, हा रिवाज. त्या टेबलावर आजोबा व्हिस्कीबरोबर भडंग ठेवायचे. त्या क्लबात आजही लोक शेंगदाणे बाजूला वेचून आधी खातात.

आजोबा झाडणाऱ्यांना मराठीत ओरडून सांगायचे, समोरच्या टीमला कळू नये म्हणून. "झाडा! झाडा!" आणि मग "बास!" गोरीपान म्हातारी माणसं "बास" म्हटल्याबरोबर झाडू वर उचलायची. ॲलेकला मराठीतले हे दोनच शब्द येतात, पण चोख.

आता तांब्या. तो आजोबांनी सांगलीहून आणला आणि जाहीर केलं की दर फेब्रुवारीत दिनूची टीम आणि ॲलेकची टीम तांब्यासाठी खेळेल. ॲलेक त्यांना दिनू म्हणायचा, पणजीनंतर बहुतेक तो एकटाच. जो जिंकेल त्याच्या घरी वर्षभर तांब्या. उन्हाळ्यात कॉटेजवर हरलेल्यानं तो घासायचा, नळाचं पाणी भरायचं आणि जिंकलेल्याच्या हातात द्यायचा. दोघं म्हातारे यासाठी लहान पोरांसारखे भांडायचे. एकदा ॲलेकनं तो टूथपेस्टनं घासला तर आजोबा आठवडाभर फुगून बसले.

या खेळात आणखी एक रीत आहे. मी ती मुद्दाम शेवटी ठेवली, कळलं असेल तुम्हाला. क्लबच्या मॅचला अंपायर नसतो. चालत्या दगडाला कुणाचा झाडू किंवा पाय लागला, तर ज्याचा लागला त्यानंच हात वर करायचा आणि सांगायचं. दुसऱ्यानं बोट दाखवायचं नाही, कितीही दिसलं तरी. आजोबांनी एकदा असा हात वर करून हातातली मॅच घालवली होती. जिंकलेल्या मॅचेसपेक्षा तीच जास्त रंगवून सांगायचे. मला झाडू हातात दिला त्या दिवशी पहिलं हेच शिकवलं, दगड कसा सोडायचा ते नंतर.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सव्वीसची. ॲलेकच्या कमरेचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर डॉक्टरनं बर्फ बंद सांगितलेला. म्हणजे ही शेवटची तांब्याची मॅच. जो जिंकेल त्याच्याकडे तांब्या कायमचा. आजोबांच्या टीममधली एक बाई जिन्यात घसरली, म्हणून मला कॉव्हेंट्रीहून बोलावणं आलं. मी काय तोऱ्यात गेले होते म्हणून सांगू.

बरोबरी. शेवटचा दगड, आजोबांच्या हातात. ॲलेकचा दगड ठिपक्यापासून हातभर अंतरावर बसलेला. त्याच्या आत आमचा थांबला तर आम्ही, नाहीतर तो. आजोबांनी दगड सोडला, आम्ही दोघं झाडत पळालो. पण दगड जोरात होता. मागून "बास!" आलं. माझ्या जोडीदारानं झाडू उचलला. मी उचलला — उशिरा. पाय सरकला, तोल गेला, आणि माझ्या झाडूचं टोक दगडाच्या अंगाला घासलं.

लागला. माझा झाडू दगडाला लागला.

फार नाही. आवाजही झाला नाही. पण हाताला कळतं हो. दगड जरासा मंदावला, आणि जो वर्तुळ ओलांडून पार जाणार होता तो अलगद मधल्या ठिपक्यावर जाऊन बसला. नियमानं मी तिथेच हात वर करायला हवा होता. मग दगडाचं काय करायचं ते ॲलेकनं ठरवलं असतं. माझ्या जोडीदाराचं लक्ष पुढे. आजोबा पार पलीकडच्या टोकाला. आणि ॲलेक — ॲलेक वर्तुळाच्या मागेच उभा होता, आमच्याकडे तोंड करून, चार पावलांवर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. थांबला फक्त. म्हणजे मला वेळ देऊन थांबला. मी काय केलं? बुटाची नाडी बघितली. बांधलेलीच होती. मग त्यानं हातमोजा काढला, काठी टेकत आजोबांकडे गेला, हात पुढे केला आणि म्हणाला, "बॉनी शॉट, दिनू." देखणा दगड टाकलास.

आजोबांच्या आनंदासाठी मी गप्प बसले, असं म्हणता येईल. मीही बरीच वर्षं मनाशी तेच म्हणत होते. पण मी गप्प बसले तेव्हा आजोबा आनंदले कुठे होते? त्यांना अजून काही कळलंही नव्हतं. मला फक्त सगळ्यांसमोर बावळट ठरायचं नव्हतं. एवढंच. मी कौन्सिलमध्ये पार्किंग दंडाच्या तक्रारी वाचते. लोकांची कारणं वाचणं हाच माझा धंदा, त्यामुळे माझं कारण किती तकलादू आहे ते मला बरोबर कळतं.

त्यानंतर सात उन्हाळे आजोबांनी तो दगड सांगितला. काय सांगायचे! पोळपाट म्हणजे वर्तुळ, वाटी म्हणजे दगड, ओट्यावरून वाटी सरकवत, "आणि मी म्हटलं बास!" लोक हसून हसून लोळायचे, मीसुद्धा. आयुष्यातला सर्वांत चांगला दगड, म्हणायचे. पहिल्या उन्हाळ्यात ॲलेकनं तांब्या घासला — चिंचेनं, शहाण्यानं चिंच शोधून आणली होती — पाणी भरलं आणि आजोबांच्या हातात दिला. आणि दर वेळी गोष्ट संपली की म्हणायचा, बॉनी शॉट. मी मिठाची गुळणी धरून पत्ते पिसायचे. ते उन्हाळे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस आहेत, हेही खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. झोपेत, पोटभर जेवून, त्यांना शोभेल असे. सगळं आटोपल्यावर कॉटेजवर चाळीसेक माणसं जमली. सँडविच, भडंग, व्हिस्की. बसस्टॉपवरची एक बाईसुद्धा आली होती. रडण्यापेक्षा हसणं जास्त. कुणीतरी म्हणालं, तांब्याच्या मॅचची गोष्ट होऊन जाऊ दे. सगळे ॲलेककडे बघायला लागले. तो दोन काठ्या टेकून खुर्चीत बसला होता. त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिला सांगू दे," तो म्हणाला. "दगडाच्या सगळ्यात जवळ हीच होती."

पुन्हा थांबला. तसाच, वेळ देऊन.

दार इतकं उघडं कुणी कुणासाठी ठेवतं का हो? आजोबाही नव्हते आता, मोडायला त्यांचा आनंद नव्हता. मी उठले. पोळपाट घेतला, वाटी घेतली. आणि आजोबांपेक्षा सुरेख सांगितली मी ती गोष्ट. त्यांच्या आवाजात "बास!" म्हटलं. चाळीस माणसं पोट धरून हसली, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ॲलेकनं टाळ्या वाजवल्या. मग काठ्या भिंतीला टेकवून तो सिंकपाशी उभा राहिला, तांब्या घासला, पाणी भरलं आणि माझ्या हातात दिला. तुझा आता, म्हणाला. मी ते पाणी प्यायले.

दगडाचं एकवेळ सोडा, तो अपघात होता. ही गोष्ट मी शुद्धीत, उभी राहून, हावभावांसकट सांगितली.

ॲलेक आहे अजून. रविवारी फोन करतो, पूर्वी आजोबा करायचे त्या वेळेला. हवा कशी आहे, पोरं काय म्हणतात, आणि शेवटी, तांब्या कसा आहे? चकचकीत, मी म्हणते. या रविवारीही म्हटलं. तो हसला. आणि मग मी बसून हे सगळं लिहून काढलं, मराठीत. ॲलेकला मराठीतले दोनच शब्द येतात.