सासूबाईंचा पोहण्याचा पोशाख

गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पोहायला जा म्हणून सांगितलं, आणि पन्नाशी उलटल्यावर मी डोंबिवलीतल्या तरणतलावाच्या लेडीज बॅचला नाव घातलं. पहिला महिना काठाचा दांडा धरून पाय मारले. दुसरा महिनाही दांडाच. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "सोडा काकू, कमरेएवढंच पाणी आहे." ते मला दिसत होतं, पण हातांना पटत नव्हतं.

घरी मी "छान चाललंय" एवढंच सांगायचे. म्हणून एक दिवस सासूबाई बघायला आल्या. पंच्याहत्तरीच्या बाई, मांडीवर पर्स घेऊन बाकावर बसल्या. थोडा वेळ बघितलं आणि सगळ्या बॅचला ऐकू जाईल असं विचारलं, "अगं, पोहणार कधी? की नुसतं पाणी ढवळायचं असतं?"

परतताना रिक्षात घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "माझं माहेर शहाडचं. नदी दाराशी. पलीकडे जांभळं होती, पोहून जायचो खायला. मला ते कपडे घेऊन दे."

"कुठले, आई?"

"तू घालतेस ते."

कल्याणच्या दुकानात दुकानदाराने मला विचारलं, "ताई, मुलगी कितवीत आहे?"

"शाळा कधीच सुटली तिची," सासूबाई म्हणाल्या. "लांब बाह्यांचं दाखव."

घरी तो पोशाख धुऊन दोरीवर टाकला. "हे कोणाचं?" नवऱ्याने विचारलं. "माझं," त्याची आई म्हणाली. त्याने वाचून झालेला पेपर पुन्हा उघडला.

डॉक्टरांचा दाखला जमा करून, डोक्यावर रबरी टोपी चढवून सासूबाई पाण्यात उतरल्या आणि मान ताठ वर काढून, दोन्ही हातांनी पाणी बडवत निघाल्या. काठावरच्या बायका भिजल्या. मॅडमनी शिट्टी वाजवली. "काकू, तोंड पाण्यात घाला!"

"आणि म्हैस आली तर दिसणार कशी?"

"इथे म्हशी नसतात, काकू."

सासूबाईंनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "बरं," म्हणाल्या, पण मान वरच ठेवली.

मग माझ्याजवळ आल्या. "चल."

"आई, भीती वाटते."

"मलाही वाटायची. बापाने ढकललं होतं." मी दांडा आणखी घट्ट धरला. "मी नाही ढकलणार गं. हात धर."

मी हात धरला. आम्ही मध्यावर पोचलो आणि त्या ओरडल्या, "अगं, माझी टोपी!" टोपी सावरायला त्यांनी माझा हात सोडून दिला. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि जीव खाऊन पाय मारत राहिले. नाकातोंडात पाणी गेलं. शेवटी डोकं कशावर तरी आपटलं. ते मॅडमचं पोट होतं.

"काकू, पोहलात की!" मॅडम पोट चोळत म्हणाल्या.

बाहेर आलो तेव्हा दोघींना कडकडून भूक लागलेली. समोरच्या गाडीवर गरम भजी घेतली. खाता खाता सासूबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पाण्यात गेलेच नव्हते बघ. पोहता येतं का, असं कुणी विचारलंच नाही."

मी माझ्या प्लेटमधली भजी त्यांच्या प्लेटमध्ये सरकवली.

त्यांनी त्यातलं एक उचलून खाल्लं आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "तेल बदल रे."